नगरच्या उन्हात क्लिक थ्री

कपाटात वर्षानुवर्षं पडलेला ॲग्फा क्लिक थ्री बहुतेक वेळा चालू असतो. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजनं बनवलेल्या या कॅमेऱ्यात बिघडण्यासारखं आहेच थोडं: एक भिंग, स्प्रिंगवरचं शटर आणि ऊन-ढग निवडायची सोय. त्याचा १२० नंबरचा रोल कोडॅकनं १९०१ साली आणला, तो आजही मिळतो. जुन्या कोडॅक कॅमेऱ्यांचा ६२० रोल मात्र १९९५ मध्ये बंद झाला. फिल्म तीच, रीळ तेवढं बारीक; त्यामुळे पूर्ण अंधारात १२० ची फिल्म ६२० च्या रिळावर गुंडाळून तेही कॅमेरे वापरता येतात.

रोल सावलीत भरायचा. रिकामं रीळ गुंडाळणाऱ्या बाजूला बसवून नव्या रोलच्या कागदाचं टोक त्याच्या फटीत अडकवायचं, झाकण लावायचं आणि मागच्या लाल खिडकीत १ येईपर्यंत फिरवायचं. खिडकी लाल, कारण सुरुवातीच्या काळातल्या फिल्मवर लाल उजेडाचा परिणामच होत नसे. आजच्या फिल्मवर होतो. म्हणून खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा आणि रोल पुढे सरकवतानाच, तोही अंगाच्या सावलीत, ती उचला. फोटो काढल्याबरोबर पुढचा आकडा आणायची सवय ठेवा, कारण शटर आणि रोल यांचा एकमेकांशी संबंध नाही. विसरलात तर एकावर एक दोन फोटो उमटतील.

खरी मेख आहे ती उजेडाची. शटरचा वेग एकच, साधारण १/३० ते १/५० सेकंद. भर उन्हात १०० आयएसओच्या फिल्मला एफ-११ वर १/२०० सेकंद पुरतो. म्हणजे हा कॅमेरा गरजेच्या चार ते जवळपास सात पट उजेड आत घेतो. निगेटिव्ह फिल्म तेवढा पचवते, स्लाइड फिल्म नाही. दुकानात ४०० आयएसओ सहज मिळते म्हणून ती घालू नका. तिथे हाच हिशेब सोळा पटींच्या पुढे जातो आणि निगेटिव्ह काळीकुट्ट होते.

नगर शहराबाहेरच्या डोंगरावरचा चांदबिबी महाल (खरं तर ती सलाबतखानाची कबर) या कॅमेऱ्यासाठी मला सगळ्यात योग्य वाटतो. अष्टकोनी, तीन मजली, चहूबाजूंनी मोकळा. दुपार टाळून ऊन कललं की जा. उजेड कमी झाल्यानं फिल्मवरचा भार हलका होतो, आणि तिरप्या किरणांत कमानींची खोली, दगडांचा खडबडीतपणा स्पष्ट उठतो. फोकस कायमचा ठरलेला, त्यामुळे दहा फुटांच्या आतलं काही टिपायला जाऊ नका. कमानींच्या आतला अंधारही या भिंगाच्या आवाक्याबाहेरचा. कोपरं बरगड्यांना टेकवून, श्वास रोखून बटण हळू दाबा. १/३० ला हात जराही हलला तरी फोटोत दिसतो.

बारा फोटो झाले की कागद संपेपर्यंत गुंडाळा आणि रोल सैल पडू न देता त्याची पट्टी ओली करून चिकटवा. सैल रोलच्या कडांतून उजेड शिरतो.

कृष्णधवल रोल घरीही धुता येतो. फिल्म काळ्या पिशवीत हात घालून टाकीत भरायची, मग डेव्हलपर, फिक्सर आणि पाणी. डेव्हलपरच्या वेळा सहसा २० अंशांसाठी दिलेल्या असतात आणि उन्हाळ्यात आपल्या नळाचं पाणी त्याहून बरंच गरम असतं. बाटल्या बर्फाच्या पाण्यात ठेवून तापमान मोजा. शेवटच्या धुण्याचं पाणीही तितकंच गार हवं; थंड द्रावणातून फिल्म थेट गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यात गेली, तर जिलेटिनच्या थरावर सुरकुत्यांचं जाळं उठतं.