मोटारगाडीच्या इंजिनाची क्षमतावृद्धी

मोटारगाडीच्या इंजिनाची क्षमतावृद्धी म्हणजे कारखान्यातून आलेल्या इंजिनाचे भाग, मांडणी किंवा नियंत्रणप्रणाली बदलून त्याची शक्ती वाढविणे होय. व्यवहारात यास ‘ट्यूनिंग’ किंवा ‘मॉडिफिकेशन’ म्हणतात. एकच गाडी रोजच्या रस्त्यावर आणि शर्यतीच्या धावपट्टीवर वापरावयाची असल्यास सुधारणांची निवड अवघड होते, कारण दोन्ही ठिकाणच्या गरजा परस्परविरोधी असतात. भारतात या निवडीवर मोटार वाहन कायद्याचेही बंधन आहे.

== पार्श्वभूमी ==

मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या घनक्षमतेचे इंजिन बसविण्याची परंपरा अमेरिकेत रूढ झाली. १९६४ सालची पाँटियाक जीटीओ ही अशा ‘मसल कार’ प्रकारातील आरंभीची गाडी मानली जाते. तिचे आठ सिलिंडरांचे इंजिन सुमारे ६.४ लिटर क्षमतेचे होते. १९७० नंतरचे प्रदूषणविषयक कायदे, वाढते विमादर आणि १९७३ चे तेलसंकट यांमुळे हा प्रकार मागे पडला.

भारतात त्या काळी गाड्यांची निवड मर्यादित होती. मुंबईतील कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटर, तर हिंदुस्तान ॲम्बॅसॅडरचे दीर्घकाळ १४८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे होते. मसल कार परंपरेतील फोर्ड मस्टँग २०१६ मध्ये भारतात अधिकृतपणे विक्रीस आली. पाच लिटर क्षमतेच्या तिच्या इंजिनाची शक्ती येथे सुमारे ४०० अश्वशक्ती होती. अमेरिकेतील आवृत्तीत ती सुमारे ४३५ अश्वशक्ती होती. एकच इंजिन बाजारपेठेनुसार वेगळ्या शक्तीस जुळविले जाते, हे यावरून दिसते.

== मूलतत्त्व ==

इंजिनाची शक्ती ही आघूर्ण (टॉर्क) आणि फेऱ्यांचा वेग यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. त्यामुळे शक्ती वाढविण्याचे दोन मार्ग उरतात: प्रत्येक फेरीत अधिक इंधन अधिक कार्यक्षमतेने जाळणे, किंवा इंजिन अधिक वेगाने फिरविणे. इंधन जाळण्यासाठी हवा लागते. एक ग्रॅम पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास सुमारे १४.७ ग्रॅम हवा आवश्यक असते. म्हणून बहुतेक सुधारणांचा उद्देश सिलिंडरमध्ये अधिक हवा पोहोचविणे हाच असतो.

== सुधारणांचे प्रकार ==

* '''हवेचे मार्ग:''' हवागाळणी, आतील वाहिन्या, सिलिंडर हेडमधील छिद्रे आणि सायलेन्सर यांतील अडथळा कमी केल्यास हवा सुलभपणे वाहते. एकट्या गाळणीच्या बदलाने सहसा आवाज वाढतो, शक्ती मात्र थोडीच वाढते.
* '''कॅमशाफ्ट:''' झडपा अधिक काळ उघड्या ठेवणारा कॅमशाफ्ट उच्च फेऱ्यांवर लाभ देतो. परंतु कमी फेऱ्यांवर ओढ घटते आणि गाडी जागेवर उभी असताना इंजिन असमान चालते. काही गाड्यांत त्यामुळे ब्रेकला साहाय्य करणारा निर्वात दाबही कमी पडतो.
* '''संपीडन गुणोत्तर:''' हे ९ वरून १०.५ केल्यास सैद्धांतिक कार्यक्षमता सुमारे ४ टक्क्यांनी वाढते. मात्र इंधनाचा ऑक्टेन अंक अपुरा असल्यास अवेळी ज्वलन होऊन (नॉकिंग) पिस्टनला इजा होते.
* '''घनक्षमता:''' सिलिंडरचा व्यास किंवा पिस्टनची धाव वाढविणे. शेव्हरलेच्या ३५० घन इंची इंजिनात धाव ८८.४ वरून ९५.२५ मिलिमीटर करून व व्यास किंचित वाढवून ३८३ घन इंची इंजिन बनविणे हे याचे प्रसिद्ध उदाहरण. यामुळे कमी फेऱ्यांवरही आघूर्ण वाढते. परंतु मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १७.७ वरून १९ मीटरवर जातो आणि भागांवरील ताण वाढतो.
* '''दाबभरण:''' टर्बोचार्जर किंवा सुपरचार्जर हवा दाबून भरतो. वातावरणीय दाबापेक्षा ०.५ बार अधिक दाब दिल्यास, तापमान कायम राहिल्यास, हवेचे वस्तुमान जवळजवळ दीडपट होते. प्रत्यक्षात दाबलेली हवा तापते, म्हणून इंटरकूलर लागतो.
* '''नियंत्रणप्रणाली:''' आधुनिक गाड्यांत इंधनाचे प्रमाण व ठिणगीची वेळ संगणक ठरवितो. तो नव्याने जुळविल्यास टर्बो इंजिनांत लक्षणीय, तर बिगरटर्बो इंजिनांत मर्यादित वाढ मिळते.

== निवडीचा क्रम ==

रस्त्यावर इंजिन बहुतांश काळ मध्यम फेऱ्यांवर चालते. धावपट्टीवर ते दीर्घकाळ कमाल फेऱ्यांजवळ असते. त्यामुळे दुहेरी वापराच्या गाडीसाठी कमाल अश्वशक्तीच्या आकड्यापेक्षा आघूर्णाचा रुंद व सपाट पट्टा अधिक उपयुक्त ठरतो. इंजिनाचे भाग एकमेकांशी जुळणारे असावे लागतात: मोठा कॅमशाफ्ट घालून हेडमधील वाहिन्या अरुंद ठेवल्यास किंवा टर्बोचा दाब वाढवून इंजेक्टर जुनेच ठेवल्यास खर्च वाया जातो, आणि दुसऱ्या स्थितीत मिश्रणात इंधन कमी पडून पिस्टन वितळू शकतो.

शक्ती वाढविण्यापूर्वी सहसा पुढील क्रम पाळला जातो:

# सिलिंडरमधील दाब मोजून इंजिनाच्या झिजेची तपासणी.
# ब्रेक व टायर. वेग ताशी १०० वरून १४० किलोमीटर झाल्यास गाडीची गतिज ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. ती उष्णतेच्या रूपाने ब्रेकनाच शोषावी लागते.
# शीतन व वंगण. दीर्घ वळणावर तेल तेलपात्राच्या एका बाजूस जाऊन पंपात हवा शिरते आणि बेअरिंग कोरडे पडतात. यासाठी तेलपात्रात आडवे पडदे बसवितात.
# त्यानंतर इंजिनातील सुधारणा, आणि प्रत्येक टप्प्यावर डायनामोमीटरवर मापन.

== हवामान व इंधन ==

निवडीवर स्थानिक हवामानाचा परिणाम होतो. हिंगोली हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे आणि मराठवाड्यात उन्हाळी तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. समुद्रसपाटीवरील १५ अंशांच्या कोरड्या हवेशी तुलना करता अशा ठिकाणी ४२ अंशांची हवा सुमारे १३ टक्क्यांनी विरळ असते. बिगरटर्बो इंजिनाची शक्तीही साधारण त्याच प्रमाणात घटते. उष्ण हवेत अवेळी ज्वलनाचा धोकाही वाढतो. म्हणून थंड प्रदेशातील जुळणी येथे जशीच्या तशी वापरता येत नाही. मोठा रेडिएटर आणि बॉनेटबाहेरची हवा घेणारी वाहिनी यांना येथे अधिक महत्त्व येते.

पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळण्याचे धोरण भारताने स्वीकारले आहे. इथेनॉलचा ऑक्टेन अंक उच्च असल्याने ते अवेळी ज्वलन रोखते. परंतु समान आकारमानात त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते आणि त्यास इंधनाचे प्रमाण अधिक लागते. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व कार्ब्युरेटरचे भागही त्यास अनुरूप असावे लागतात.

== कायदेशीर स्थिती ==

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असा बदल मालकास करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच तरतुदीस दुजोरा दिला. २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या कलम १८२अ नुसार अनधिकृत बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मान्यताप्राप्त सीएनजी संचासारखे बदल परवानगी घेऊन करता येतात. त्यांची नोंद परिवहन कार्यालयात होते. हिंगोली जिल्ह्यातील वाहनांची नोंदणी ‘एमएच ३८’ या संकेतांकाने होते. वाहने व त्यांचे भाग यांची चाचणी करणाऱ्या संस्थांपैकी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था पुण्यात आहे.

राज्य शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे हा कलम १८९ नुसार गुन्हा आहे. भारतातील सर्वसाधारण मोटार विमा शर्यतीतील व वेगचाचणीतील वापरास लागू होत नाही. अपघात झाल्यास न कळविलेल्या बदलांमुळे नुकसानभरपाईही धोक्यात येते.

== महाराष्ट्रातील उदाहरणे ==

या बंधनांमुळे भारतातील शर्यतीच्या गाड्या बहुधा केवळ धावपट्टीसाठीच बांधल्या जातात. पुण्याजवळील चाकण येथे कारखाना असलेल्या फोक्सवॅगनने २०१० मध्ये पोलो चषक आणि २०१७ मध्ये अमियो चषक सुरू केला. अमियो चषकाच्या गाडीत १.८ लिटरचे, सुमारे २०५ अश्वशक्तीचे टर्बो इंजिन होते. विक्रीतील अमियोपेक्षा ती कितीतरी शक्तिमान होती. लोणावळ्याजवळील अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ या सरळ रेषेतील शर्यती झाल्या आहेत. वळणांच्या शर्यतींसाठी राज्यातील चालकांना कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टै किंवा ग्रेटर नोएडाचे बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट गाठावे लागते. हिंगोलीसारख्या जिल्ह्यातून तेथे गाडी चालवत नेऊन, शर्यत करून, त्याच गाडीने परतणे हे कायदा, विमा व यांत्रिक विश्वासार्हता या तिन्ही दृष्टींनी जोखमीचे ठरते. म्हणून शर्यतीची गाडी ट्रकवरून नेणे आणि रस्त्यावरची गाडी मूळ स्वरूपात सुस्थितीत ठेवणे हा अधिक सुरक्षित पर्याय ठरतो.

== हेही पहा ==

* अंतर्ज्वलन इंजिन
* टर्बोचार्जर
* मोटार वाहन अधिनियम, १९८८