भस्म, पश्चात्ताप आणि क्षमा

वसईकडील एका शाळेंत मी संस्कृत शिकवीत असतांना घडलेली ही गोष्ट आहे. माघ संपत आला होता. एका बुधवारीं सकाळीं माझ्या वर्गांतील एक ख्रिस्ती मुलगा कपाळावर राखेची खूण घेऊन आला. "हें काय सोंग? आधीं तोंड धुऊन ये," असें मी सर्व वर्गासमक्ष त्यास बोललों. मुलानें मान खालीं घातली, नळावर जाऊन कपाळ धुतलें आणि निमूटपणें जागेवर येऊन बसला.

पुढें एकदां शिवपूजेच्या वेळीं कपाळावर भस्माचे पट्टे ओढतांना मला तो मुलगा आठवला आणि हात थबकला. ज्या भस्मास मी देवघरांत मान देत होतों, त्याचाच मीं शाळेंत अपमान केला होता. तरी त्या मुलाजवळ "माझें चुकलें" एवढे दोन शब्द मला बोलवले नाहींत. गुरूनें शिष्याची क्षमा मागावयाची, ही कल्पनाच मनास मानवेना. ती राख कसली, एवढी चौकशी मात्र मीं केली.

रोमन कॅथॉलिक पंथाचे लोक त्या दिवसास राखेचा बुधवार म्हणतात. मागील वर्षीं झावळ्यांच्या रविवारीं ज्या झावळ्यांस आशीर्वाद दिलेला असतो, त्या जाळून ही राख करितात. ती लावतांना धर्मगुरु मनुष्यास त्याच्या मातीपणाची आठवण देतो, किंवा पश्चात्ताप करून शुभवर्तमानावर विश्वास ठेवण्यास सांगतो. तेथून ईस्टरपर्यंतचा काळ म्हणजे लेंट, अर्थात् प्रायश्चित्तकाळ. येशूनें अरण्यांत ४० दिवस उपवास केला, त्याचें हें स्मरण होय. ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजिल्यास ४६ दिवस भरतात. परंतु रविवार हा पुनरुत्थानाचा वार असल्यामुळें मधले ६ रविवार उपवासांत धरीत नाहींत. पूर्वीं नियम फार कडक होते. १९६६ सालीं पोप सहावे पॉल यांनीं ते सौम्य केले. आतां राखेच्या बुधवारीं व गुड फ्रायडेस एकच पुरें जेवण घ्यावें, आणि त्या दोन्ही दिवशीं व इतर शुक्रवारीं मांस वर्ज्य करावें, एवढेंच बंधन उरलें आहे. प्रार्थना, उपवास आणि दान हीं या व्रताचीं तीन अंगें होत.

परंतु उपवास हें साधन. साध्य निराळें आहे. शुभवर्तमानाच्या ग्रीक भाषेंत पश्चात्तापास 'मेटानोइया' असा शब्द आहे. त्याचा अर्थ मन पालटणें. आपल्या शास्त्रकारांनींही प्रायश्चित्त या शब्दांत तप आणि निश्चय असे दोन अर्थ पाहिले आहेत; मनुस्मृतीच्या ११ व्या अध्यायांत पाप बोलून दाखविणें व अनुताप यांची शुद्धीच्या साधनांत गणना केली आहे. मात्र एक भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. ख्रिस्ती मतें मनुष्य आपल्या तपानें क्षमा मिळवीत नाहीं. ती ईश्वराच्या दयेनें मिळते. पश्चात्तापी मनुष्य ती केवळ स्वीकारितो.

ही दया कशी असते, याचा दृष्टांत लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायांत आहे, आणि एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आपणां मंडळींस तो चटकन् उमगेल. धाकटा मुलगा बाप हयात असतांनाच वाटणी मागतो, परदेशीं सारें द्रव्य उधळतो, आणि शेवटीं यहुदी असून त्याजवर डुकरें राखण्याची पाळी येते. घरीं जाऊन 'मला चाकर म्हणून ठेवा' असें बापास म्हणावें, असा तो निश्चय करितो. बाप त्यास दुरूनच पाहतो, धांवत येऊन मिठी मारितो, आणि मुलाचें योजिलेलें बोलणें पुरें होण्यापूर्वींच त्यास उंची वस्त्र, आंगठी व पायतण देण्याची आज्ञा करितो. थोरला मुलगा मात्र रुसून बाहेर उभा राहतो. इतकीं वर्षें राबूनही त्यास कधीं साधें करडूं मिळालें नव्हतें. बाप बाहेर येऊन त्याचीही समजूत घालितो. थोरला शेवटीं आंत गेला कीं नाहीं, हें येशूनें सांगितलें नाहीं. आपल्यापैकीं किती घरांत तो अजून अंगणांतच उभा आहे!

पश्चात्तापांतून थोरांचीही सुटका नाहीं. इ. स. ३९० सालीं थेसलोनिका शहरांतील दंग्यांत एक सेनाधिकारी मारला गेला, म्हणून रोमन सम्राट थिओडोसियस यानें तेथील लोकांची कत्तल करविली. मिलानचे बिशप अँब्रोज यांनीं सम्राटास पत्र लिहून कळविलें कीं, आपण पश्चात्ताप केल्यावांचून आपल्या उपस्थितींत मला उपासना करतां येणार नाहीं. सम्राटानें राजचिन्हें उतरविलीं आणि चर्चमध्यें सर्वांदेखत अश्रु ढाळले. हा वृत्तांत मी वाचला तेव्हां मला माझ्या वर्गांतील खुर्ची आठवली. सम्राट सिंहासनावरून उतरला. मला त्या खुर्चीवरून उतरवलें नव्हतें.

सेवानिवृत्त झाल्यावर एके वर्षीं याच काळांत त्या मुलाचें घर शोधीत गेलों. तो आतां प्रपंचांत पडलेला गृहस्थ झाला आहे. वाटेनें सारें वाक्य जुळवून ठेविलें होतें. "बाबा रे, तुला आठवतें का, त्या बुधवारीं—" एवढेंच मीं म्हटलें.

"आठवतें, गुरुजी. आधीं घरांत तर या," असें म्हणून त्यानें मला हाताला धरून आंत नेलें, पत्नीस चहा ठेवण्यास सांगितलें आणि मुलांस हांक मारली, "हे माझे गुरुजी. पायां पडा."

माझें वाक्य अर्धेंच राहिलें. चहा झाल्यावर तें मीं त्याच्या मुलांसमक्षच पुरें केलें. क्षमा आधींच पदरांत पडली म्हणून कबुली टाळतां येत नाहीं. निघतांना तो फाटकापर्यंत पोंचविण्यास आला.

वाचकहो, आपल्याही घरांत कोणा धाकट्याजवळ बोलावयाचें असें एखादें वाक्य राहून गेलें असेल. तें मुहूर्त न पाहतां बोलून टाकावें.