सुपारीएवढे मूत्रपिंड

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी एक विज्ञानकथा लिहिली होती. काळ 2090 सालचा. कथानायकाची दोन्ही मूत्रपिंडे निकामी होतात, डॉक्टर त्याच्या पोटात सुपारीएवढे कृत्रिम मूत्रपिंड बसवतात आणि तिसऱ्या दिवशी तो कामावर हजर होतो. या साऱ्याला मी आठ ओळी दिल्या होत्या. मला घाई होती ती पुढच्या अंतराळप्रवासाची.

तो अंक मी थोरल्या भावाला पाठवला. दादा तेव्हा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात असे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून पहाटेची एसटी, मग चार तास यंत्राशेजारी. डावा हात यंत्राला जोडलेला, म्हणून उजव्या हाताने पाने उलटत त्याने कथा वाचली आणि रात्री फोन केला. "कथा झ्याक जमलीय. पण मला तीन गोष्टी सांग. त्यातली घाण जाते कुठं? ते बिघडलं तर कळणार कसं? आणि आमच्या वॉर्डातल्या किती जणांना मिळणार?"

माझ्याकडे एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. ती उत्तरे शोधताना भविष्यातले वैद्यक कल्पायचे कसे, याचा जो थोडाफार उलगडा झाला, तो इथे मांडतो.

अशी घाई करणारा मी काही एकटा नाही. 1986 सालच्या 'स्टार ट्रेक' चित्रपटात भविष्यातून आलेला डॉक्टर मॅकॉय सॅन फ्रान्सिस्कोच्या रुग्णालयात शिरतो. डायलिसिसची वाट पाहत पडलेली म्हातारी त्याला दिसते. उपचाराचे नाव ऐकूनच तो चकित होतो, तिला एक गोळी देतो आणि थोड्याच वेळात तिला नवे मूत्रपिंड फुटते! प्रसंग विनोदी आहे, प्रेक्षक हसतात. पण डायलिसिसच्या खाटेवरच्या माणसाला त्या गोळीबद्दल पुष्कळ काही विचारायचे असते.

पहिला प्रश्न घाणीचा. वरवर तो साधा वाटतो, पण त्यात सगळे शरीरशास्त्र आले. आपली मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेतात आणि जेमतेम दीड-दोन लिटर मूत्र बाहेर टाकतात. म्हणजे मूत्रपिंड ही नुसती गाळणी नव्हे. काय ठेवायचे आणि काय टाकायचे, याचा निवाडा तिथे क्षणोक्षणी चालू असतो. शिवाय एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक तयार करून ती अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवायला लावतात, ड जीवनसत्त्व कामाला लावतात, रक्तदाब सांभाळतात. डायलिसिसचे यंत्र यांपैकी मुख्यतः गाळण्याचे काम करते, तेही आठवड्याच्या 168 तासांपैकी बारा तास. त्या चार तासांच्या एका बैठकीला साधारण 120 लिटर द्रव लागतो आणि त्यासाठी तितकेच शुद्ध केलेले पाणी. उरलेल्या वेळी रुग्ण मोजून पाणी पितो, पथ्य पाळतो, इंजेक्शने घेतो.

माझ्या सुपारीला मी रक्त आत नेणारी नळी दिली होती, बाहेर जाण्याची वाट दिलीच नव्हती. आज कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतले शुवो रॉय आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठातले विल्यम फिसेल शरीरात बसवण्याजोग्या मूत्रपिंडावर काम करत आहेत. त्यांच्या आराखड्यात दोन भाग आहेत. सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून रक्त गाळले जाते आणि मूत्रपिंडाच्या जिवंत पेशी त्यातले पाणी व क्षार परत घेतात. उरलेले थेट मूत्राशयात जाते. पंप नाही, बॅटरी नाही. हृदयाचा दाबच त्याला चालवतो. इंजिनिअरने आधी निचऱ्याचा विचार केला, लेखकाने केला नाही.

दुसरा प्रश्न बिघाडाचा. त्याचे उत्तर मला भूतकाळात सापडले. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात असताना, 1943 मध्ये, कांपेन गावातल्या रुग्णालयात विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरने कृत्रिम मूत्रपिंड तयार केले. लाकडी पिंपावर सेलोफेनची लांबच लांब नळी गुंडाळलेली. हे सेलोफेन म्हणजे खाटिक सॉसेजचे मांस भरायला वापरतात ते. नळीत रुग्णाचे रक्त, खाली खारट पाण्याची टाकी, आणि पिंप फिरत राहिले की रक्तातली अशुद्धे पाण्यात उतरत. रक्त परक्या वस्तूला लागले की गोठू लागते. ते हेपारिनने थोपवता येत होते, म्हणून हे यंत्र चालले. सुरुवातीचे बहुतेक सगळे रुग्ण तरीही वाचले नाहीत. सप्टेंबर 1945 मध्ये 67 वर्षांची एक स्त्री या यंत्रावर बेशुद्धीतून जागी झाली, तेव्हा कोल्फचे म्हणणे पटू लागले.

यातून मी दोन गोष्टी शिकलो. नवे यंत्र बहुधा खाटकाच्या दुकानातल्या कशाने तरी बनते, आणि त्याच्यामागे हेपारिनसारखे एखादे न दिसणारे औषध उभे असते. 2090 ची कथा लिहिणाऱ्याने आपल्या यंत्राचे हेपारिन कोणते, हे स्वतःला विचारावे. रक्त गोठले तर? जंतू शिरले तर? शरीराने ते नाकारले तर? मार्च 2024 मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये 62 वर्षांच्या रुग्णाला डुकराचे मूत्रपिंड बसवले. त्यात 69 जनुकीय बदल केले होते, त्यांतले काही मानवी शरीराने ते स्वीकारावे म्हणून. मूत्रपिंड चालले. रुग्ण सुमारे दोन महिन्यांनी वारला. तो प्रत्यारोपणामुळे गेल्याची चिन्हे नसल्याचे रुग्णालयाने सांगितले. यशापयशाच्या मधली ही धूसर जागा खऱ्या वैद्यकात नेहमीची, आणि कथेत मात्र क्वचितच येणारी.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. कोल्फच्या यंत्रासाठी दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, त्यामुळे ते काही दिवसांपुरतेच उपयोगी होते. 1960 मध्ये सिअ‍ॅटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम राहील अशी टेफ्लॉनची नळी बसवली, आणि जन्मभर डायलिसिस शक्य झाले. पण यंत्रे मोजकी, रुग्ण पुष्कळ. मग तिथे सात जणांची समिती नेमली गेली. त्यात वकील, धर्मोपदेशक, बँकर, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार नेता आणि एक शल्यविशारद होते. कोणाला यंत्र द्यायचे, म्हणजेच कोणी जगायचे, हे ते गुप्तपणे ठरवत. वय, लग्न, मुले, मिळकत, शिक्षण, सारे पाहिले जाई. 1962 मध्ये 'लाइफ' साप्ताहिकातून हे लोकांपुढे आले आणि मोठी खळबळ उडाली. अखेर 1972 मध्ये अमेरिकी संसदेने बहुतेक मूत्रपिंडरुग्णांचा खर्च सरकारवर घेतला.

माझ्या मते विज्ञानकथा लिहिणाराची खरी जागा त्या समितीच्या खोलीत आहे. टेफ्लॉनची नळी एखाद्या अभियंत्याला सुचली असती. पण त्या नळीमुळे सात साध्या माणसांना इतरांच्या जगण्याचा हिशेब करावा लागेल, हे 1959 साली लिहिले असते, तर ती थोर विज्ञानकथा झाली असती. नवे तंत्र जुना प्रश्न सोडवते आणि कोणाच्या तरी दारात नवा प्रश्न आणून ठेवते. तो कोणाच्या दारात, हे शोधणे आपले काम.

पुढे मी ती कथा पुन्हा लिहिली. अंतराळप्रवास गेला. आता कथा तालुक्याच्या रुग्णालयातली आहे. चाळीस जणांची यादी, अकरा यंत्रे, आणि ती बसवल्यावर महिन्या-महिन्याला तपासायला गावोगाव फिरणारी एक तंत्रज्ञ मुलगी. शेवट मात्र जमेना. यंत्र बसवून घरी आलेल्या माणसाला काय करायला लावू, असे मी दादालाच विचारले.

"तांब्याभर पाणी पिऊ दे त्याला," तो म्हणाला. "न मोजता."