मिठाई शोधायची तर घड्याळ बघून

नाशकात नवीन आलेला माणूस द्वारका चौकात उतरला की रिक्षावाल्याला विचारतो, इथली सगळ्यात चांगली मिठाई कुठे मिळते? रिक्षावाला एका दुकानाचं नाव सांगतो. नाव बहुधा बरोबरच असतं, तरी पाहुणा पुष्कळदा निराश होतो, कारण तो दुपारी चारला जिलेबी मागतो आणि त्याला सकाळी आठची जिलेबी मिळते. छोट्या शहरातल्या हलवायाकडे प्रत्येक पदार्थाची ठरलेली वेळ असते आणि ठरलेला महिना असतो. म्हणून दुकानाच्या आधी ‘आत्ता काय निघतंय?’ हे विचारावं. गल्ल्यावरच्या माणसाला हा प्रश्न नीट कळतो. बहुतेक वेळा तो खरं सांगतो, कारण कढईतून नुकतं उतरलेलं खपवणं त्यालाही सोयीचं असतं.

सुरुवात द्वारकेपासूनच करू. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता इथे एकमेकांना भेटतात. वरून उड्डाणपूल गेलेला, खाली रिक्षा, सिटी बस आणि ट्रॅव्हल्सच्या गाड्यांची घुसाघूस. अशा चौकातला ग्राहक हातात पिशवी घेऊन गाडीची वाट बघणारा असतो, त्यामुळे इथल्या दुकानांत पुढे मांडलेला माल हा मुख्यतः टिकणारा असतो: फरसाण, चिवडा, बेसनाचे लाडू, काजूकतली, बंद डबे. त्यात वाईट काही नाही. पण मऊ, ओलं, त्याच दिवशी खायचं असं काही हवं असेल तर चौक सोडून आत शिरावं लागतं.

आत म्हणजे सारडा सर्कलवरून दूध बाजार, भद्रकाली, दहीपूल, सराफ बाजार, रविवार कारंजा. पायी जायचा रस्ता आहे. गाडी न्याल तर गाडी लावायला जागा शोधण्यातच जिलेबी गार होईल.

जिलेबीपासून सुरुवात करावी, कारण तिच्यात लपवायला जागा नसते. मैद्याचं पीठ आदल्या दिवशी भिजवून आंबवलेलं असतं. ते नीट आंबलं असेल तर जिलेबीला किंचित आंबूस चव येते आणि आत पोकळ नळी तयार होते. त्याच नळीत पाक शिरतो. घाईच्या दुकानात आंबवण्याऐवजी सोडा किंवा लिंबूसत्त्व घालून काम भागवतात. ती जिलेबी फुगते, पण चव नुसतीच गोड राहते. दुसरी गोष्ट पाकाची. पाक एकतारी आणि कोमट हवा. गार पाकात टाकलेली जिलेबी बाहेरून चिकट होते आणि आत कोरडी राहते, फार घट्ट पाकात टाकली तर वर साखरेचा पांढरा थर बसतो. म्हणून जिलेबी घेताना काचेच्या कपाटाकडे न बघता तईकडे बघावं. जिलेबीची ती पसरट, उथळ कढई पेटलेली असेल, समोर चार माणसं उभी असतील आणि परातीत जिलेबी साठत नसेल, तर थांबण्यात अर्थ आहे. जुन्या नाशकात बुधा हलवायाच्या जिलेबीचं नाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पण वरची परीक्षा तिथेही लावावी आणि नाव नसलेल्या कोपऱ्यावरच्या हलवायालाही लावावी. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की आपल्याकडे घरोघरी जिलेबी जाते. त्या सकाळी कुठलीही तई थंड नसते, आणि एरवी मध्यम असलेलं दुकानही त्या दोन दिवशी उत्तम वाटतं. सोबत मठ्ठा मिळाला तर घ्यावाच.

खव्याचं प्रकरण अवघड आहे, तिथे जरा रेंगाळू. पेढा, बर्फी, कलाकंद, गुलाबजाम या सगळ्यांचा जीव खव्यात. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त, म्हणून खवा सहसा त्याचाच. साधारण ५ लिटर दूध आटवलं की किलोभर खवा पडतो. हा एक आकडा लक्षात ठेवला तर अर्धी पारख होते. समजा म्हशीचं दूध ८० रुपये लिटर आहे. मग नुसत्या दुधाच्या हिशेबाने खवा ४०० रुपये किलो झाला. किलोभर पेढ्यात पाऊण किलो खवा आणि पाव किलो साखर धरली तरी कच्चा माल ३०० रुपयांच्या वर जातो. गॅस, कारागीर, दुकानाचं भाडं अजून बाकी आहे. तेव्हा कोणी २५० रुपये किलोने पेढे देत असेल तर त्याने दूध कुठून आणलं हे विचारायला हरकत नाही. उलट महाग पेढा चांगलाच असतो असं मात्र नाही. डब्यावरच्या सोनेरी छपाईचे पैसेही त्यात धरलेले असतात.

बाजारात खव्याच्या जाती आहेत. घट्ट गोळ्याचा बट्टी खवा पेढ्या-बर्फीला, मऊ चिकना खवा गुलाबजामला, दाणेदार खवा कलाकंदाच्या वळणाच्या मिठाईला. चांगला खवा दोन बोटांत चोळला की तुपाचा हात लागतो आणि वास भाजक्या दुधाचा येतो. आंबट किंवा साबणासारखा वास आला तर तो शिळा. स्टार्च मिसळल्याची शंका असेल तर घरी थोडा खवा पाण्यात उकळून, गार करून त्यात आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. निळा रंग आला की पीठ आहे. दसरा-दिवाळीच्या तोंडावर मागणी एकदम वाढते आणि तेवढं दूध काही एका आठवड्यात वाढत नाही. म्हणून त्याच दिवसांत अन्न व औषध प्रशासनाचे लोक खव्याचे नमुने घेत फिरताना दिसतात. माझं मत विचाराल तर खव्याची मिठाई दिवाळीच्या आठवड्यात घेऊच नये. ती श्रावणात किंवा एखाद्या साध्या मंगळवारी खावी. दिवाळीला बेसनाचा लाडू आहेच.

१ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेसमोरही ‘या तारखेपर्यंत खावी’ अशी पाटी लावणं दुकानदाराला बंधनकारक आहे. पाटी असते, पण ती वाचतं कोण? भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने या मिठायांच्या टिकण्याचा अंदाजही दिला आहे. कलाकंद त्याच दिवशी संपवायचा. रसगुल्ला, रसमलाईला २ दिवस. पेढा आणि साधी बर्फी ४ दिवस. काजूकतलीला आठवडा, आणि बेसनाच्या लाडवाला ३० दिवसांपर्यंत. आता कलाकंदापुढे चार दिवसांनंतरची तारीख दिसली तर एक तर पाटी चुकीची आहे किंवा तो कलाकंद नाही.

वर्खाबद्दलही थोडं. चांदीचा वर्ख बोटाने चोळला की नाहीसा होतो. ॲल्युमिनियमचा असेल तर त्याची बारीक गोळी होते. तुपाची परीक्षा तोंडात होते. वनस्पती तुपातला लाडू खाल्ला की टाळूला मेणचट थर धरतो आणि तो गरम चहाने जातो. साजूक तुपाचा तसा थर राहत नाही.

घड्याळ झालं, आता पंचांग. रमजानच्या महिन्यात दूध बाजार आणि चौक मंडईच्या बाजूला संध्याकाळी रोजा सुटण्याच्या सुमारास जावं. मालपुवा, फिरनी, शिरखुर्म्यासाठी शेवया आणि खजुराचे ढीग. फिरनी मातीच्या सकोऱ्यात असेल तर तीच घ्यावी, कारण माती जादा पाणी शोषते आणि फिरनी घट्ट बसते. जुन्या बेकऱ्यांतून रवा, मैदा, तूप, साखर घरून नेऊन नानकटाई भाजून आणण्याची रीत ईदलाही आहे आणि दिवाळीलाही. विकतच्या नानकटाईत तूप किती हे बेकरीवाल्यालाच माहीत, घरून नेलेल्यात ते आपल्याला माहीत.

होळीच्या आधीचे काही आठवडे पंचवटीकडे वळावं. द्वारकेहून कन्नमवार पूल ओलांडला की आलंच. या दिवसांत हार-कडे तयार होतात: होळीला लहान मुलांच्या गळ्या-हातात घालायचे, पाडव्याला गुढीला बांधायचे साखरेचे दागिने. साखरेचा पाक उकळायचा, थोडं दूध टाकून वर आलेली मळी काढायची, आणि दोरा ठेवलेल्या लाकडी साच्यांत तो पाक झरझर ओतायचा. थोड्या वेळात साचा उघडला की माळ तयार. इथे सगळं कसब मळी काढण्यात आहे. पांढरीशुभ्र, कडक, हातात घेतल्यावर चिकट न लागणारी माळ म्हणजे पाक नीट साफ झालेला. खाण्याची वस्तू म्हणून हिच्यात विशेष काही नाही, साखर ती साखर. पण काम चालू असताना बघायला मिळालं तर चुकवू नये.

नवरात्रात कालिका देवीची यात्रा भरते, मुंबई नाक्याजवळ, द्वारकेपासून हाकेच्या अंतरावर. तिथली खरी खरेदी गोडीशेव, रेवडी आणि भत्त्याची. गोडीशेव म्हणजे बेसनाची जाड शेव गुळाच्या पाकात घोळवलेली. ती घेताना एक तुकडा मोडून बघावा. कट्‌ आवाज झाला तर ताजी, वाकली तर पाक हवेने सुटलेला. मोठ्या मिठाईवाल्यांच्या काचेआड ही क्वचितच दिसते, त्यांना ती गावठी वाटत असावी. मला विचाराल तर अर्धा किलो गोडीशेवेच्या बदल्यात मी कुठलीही अंजीर बर्फी देऊन टाकीन.

वैशाखात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया येते, तेव्हा दुकानं सोडून घरं शोधावी लागतात. नाशकात खानदेशी कुटुंबं पुष्कळ, आणि त्यांच्याकडचे खापरावरचे मांडे हा हलवायाच्या आवाक्याबाहेरचा पदार्थ. पुरण भरलेली पोळी हातावर फिरवत फिरवत रुमालाएवढी करायची आणि उपड्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर टाकायची. हे काम करणाऱ्या बायका ऑर्डर घेतात. पाटी नसते, नंबर शेजाऱ्यांकडून मिळतो. बचत गटांच्या प्रदर्शनात एकदा गाठ पडली की नंतर थेट फोन करता येतो. मांडा गरम असताना, आमरसासोबत.

नाशिकमध्ये गोडावर तिखट लागतंच, म्हणून चिवडा. कोंडाजी आणि माधवजी ही दोन नावं नाशिककर भांडण्यासाठी वापरतात, मी त्या भांडणात पडत नाही. कांदा-लसणाच्या चिवड्यात बघायचा तो तळलेला कांदा. पाणी पूर्ण उडेपर्यंत तळला असेल तर तो चिवड्यात कुरकुरीत राहतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी पोहेही मऊ पडतात. पाकीट घेण्याआधी त्याच घाण्यातला मूठभर सुटा मागावा. मेन रोडच्या ‘सायंतारा’ या दुकानातल्या साबुदाणा वड्याचीही वेळ सांभाळा. वडा कढईतून थेट पानात येत असेल तरच.

शेवटी तराजू. मिठाई डब्यासकट तोलून द्यायची सवय अजून गेलेली नाही. खोक्याचं वजन पन्नास-शंभर ग्रॅम भरलं तर ८०० रुपये किलोच्या काजूकतलीत तुम्ही पुठ्ठ्याला ४० ते ८० रुपये मोजता. वैधमापनाच्या नियमाने वजन निव्वळ मालाचं द्यावं लागतं. रिकामं खोकं काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायला सांगा, एक बटण दाबायचं काम आहे. दुकानदाराने कुरकुर केली तर शेजारचं दुकान दोन पावलांवर असतं.

आणि पुढची गाडी धरायची असेल तर खरेदीचा क्रम उलटा ठेवावा. चिवडा, गोडीशेव, लाडू आधी, पेढा त्यानंतर. जिलेबी मात्र बांधून घेऊ नका, ती तईसमोर उभ्यानेच संपवा आणि मग द्वारकेकडे परत फिरा.