चिकटद्रावाची नळी आणि घरातील ज्येष्ठ

चपलेचा अंगठा तुटतो, चष्म्याची काडी निखळते, नातवाच्या सायकलची ट्यूब पंक्चर होते. अशा वेळी आपला हात एका छोट्या नळीकडे जातो. तिच्यात नेमके काय असते, हे घरातील प्रत्येकाने जाणून घेणे हिताचे आहे.

चप्पल व पंक्चर यांसाठीचे ‘सोल्युशन’ म्हणजे विद्रावकात विरघळवलेले रबर. विद्रावक उडून गेला की रबराचा लवचिक थर मागे उरतो. म्हणूनच ते दोन्ही बाजूंना पातळ लावून, काही मिनिटे सुकू देऊन मग दाबायचे असते. मात्र उडालेली वाफ आपल्या श्वासात जाते. हेक्झेन, हेप्टेन, टोल्युइन यांसारख्या विद्रावकांच्या वाफेने डोके दुखते, मळमळते, भोवळ येते. तरुणाला जी केवळ भोवळ, ती वृद्धाला तोल जाऊन खुब्याचे हाड मोडण्याचे निमित्त ठरू शकते. दम्याच्या रुग्णाची धाप वाढू शकते. दीर्घकाळ रोज हेक्झेन श्वासात गेल्यास हातापायांच्या नसाही दुबळ्या होतात. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड आणि ज्वालाग्राही असते. समई, उदबत्ती, शेगडी किंवा ऑक्सिजन घेणारा रुग्ण यांच्याजवळ ही नळी उघडू नये. पावसाळ्यातही खिडक्या उघड्या ठेवून, शक्यतो गॅलरीत बसूनच काम करावे.

क्षणात चिकटवणारा सायनोॲक्रिलेट हा निराळा पदार्थ. तो ओलाव्याच्या स्पर्शाने घट्ट होतो. म्हणून बोटे आणि पापण्या तत्काळ चिकटतात. त्याची नळी डोळ्यांच्या औषधासारखी दिसते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दृष्टी अधू असताना तीच नळी डोळ्यात पिळली जाण्याचा धोका खरा आहे. औषधांच्या डब्यात चिकटद्राव कधीही ठेवू नये.

चुकून डोळ्यात गेलाच, तर कोमट स्वच्छ पाण्याने डोळा भरपूर धुवावा, पापण्या ओढून उघडू नयेत आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. बोटे चिकटल्यास साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून हळूहळू सोडवावीत. हा द्राव कापसाने वा सुती कापडाने पुसू नये. त्यातून उष्णता निर्माण होऊन त्वचा भाजते. मधुमेहींच्या पायांतील भेगा त्याने बुजवू नयेत. तुटलेली कवळीही त्याने जोडू नये. तिचे माप बिघडते आणि हिरड्यांना जखमा होतात. ते काम दंतवैद्याचेच.

कोणी सोल्युशन गिळल्यास उलटी करवू नका. उलटीतील विद्रावक फुप्फुसांत शिरला, तर प्राणावर बेतू शकते. रुग्णाला नळीसह रुग्णालयात न्यावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

आज एवढे करा: घरातील अशा सर्व नळ्या एका डब्यात घाला, वर मोठ्या अक्षरांत ‘डिंक – औषध नव्हे’ असे लिहा आणि तो डबा हत्यारांच्या कपाटात, मुलांच्या हाताबाहेर ठेवा.