कामाच्या ठिकाणचे वातावरण आणि कामातले समाधान



"पगार चांगला, नोकरी कायमची, मग गुरुजी वैतागलेले का दिसतात?" असं पालक कधी कधी विचारतात. आपल्या नांदेड-लातूरकडच्या जिल्हा परिषद शाळांकडे पाहून हे समजून घेऊ.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी सहकाऱ्यांसोबत सुमारे 200 अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखती घेतल्या. 1959 मध्ये त्यावर पुस्तक आलं. त्यांचे म्हणणे असे की पगार, जागा, नियम, वरिष्ठांची वागणूक नीट नसली की माणूस नाराज होतो, पण हे सगळं नीट असलं म्हणून समाधान मिळतेच असे नाही. समाधान मिळते ते प्रत्यक्ष कामातून, त्यात आलेल्या यशातून.

नाराजीचं कारण लगेच पटतं. मार्च लागला की पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नाही. शौचालयात पाणी नसेल तर बाई दिवसभर पाणीच कमी पितात. हे कुठल्या अहवालात येत नाही.

समाधानाची गोष्ट अवघड आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोनच शिक्षक. म्हणजे वाडी-तांड्यावर दोघांत चार-पाच वर्ग. त्यातल्या एकाकडे मुख्याध्यापकाचा प्रभार. तो बैठकीला गेला की सगळे वर्ग दुसऱ्याकडे, आणि मोबाईलवर निरोप, "माहिती तात्काळ पाठवा." याच कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. पण ऑनलाइन माहिती अन् पोषण आहाराच्या नोंदी शाळेचंच काम धरलं जातं!

म्हणून मला वाटतं, शिक्षकाच्या बाबतीत हर्झबर्गचे हे दोन भाग वेगळे राहत नाहीत. किनवटकडच्या तांड्यावर घरी गोरमाटी बोलणारं लेकरू पहिल्यांदा आपलं आपण मराठी वाक्य वाचतं, तो आनंद पगाराच्या तारखेला होत नाही. पण नेमकं त्याच वेळी गुरुजी फॉर्म भरत असतील तर?

पालकांनाही यात करता येण्यासारखं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पाण्याचा, खोलीचा विषय तिथे लावून धरता येतो.

आम्ही दोघा शिक्षकांनी पहिल्या दोन तासिकांना फोन कपाटात ठेवायचं ठरवलंय. 'तात्काळ' माहिती जेवणाच्या सुट्टीत जाते. अजून तरी नोटीस आलेली नाही.