छायाचित्रांची साक्ष

छायाचित्र खोटे बोलत नाही, असे म्हणतात. कामगार-चळवळीत आयुष्य गेलेल्या आम्हां माणसांना याला एक पुस्ती जोडावीशी वाटते : ते खोटे बोलत नसेल, पण अर्धेच बोलते. उरलेले अर्धे कुणीतरी लिहून जपावे लागते. एकच उदाहरण घेऊ.

अमेरिकेत इथाका या गावी कॉर्नेल विद्यापीठ आहे. तेथे कामगार व मालक यांच्या संबंधांचे शिक्षण देणारी शाखा १९४५ साली निघाली. तिच्या दप्तरखान्यात स्त्रियांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनेचे कागद आहेत, आणि ट्रँगल कारखान्याच्या आगीची छायाचित्रेही आहेत. आज ती संगणकावर कोणालाही पाहता येतात.

२५ मार्च १९११, शनिवार. न्यूयॉर्कमधील दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर बायकांची पोलकी शिवण्याचा हा कारखाना होता. सुटीची वेळ होत आली असता आठव्या मजल्यावर चिंध्यांनी पेट घेतला. १४६ जीव गेले. त्यांत १२३ स्त्रिया व मुली. बहुतेक परदेशांतून पोटासाठी आलेल्या ज्यू व इटालियन घरांतल्या.

एका छायाचित्रात पदपथावर प्रेते पडली आहेत आणि पोलीस शिपाई मान वर करून पाहत आहे. तो काय पाहतो, ते चौकटीत नाही. बंबाच्या शिड्या सहाव्या मजल्याच्या आसपासच पोचत होत्या आणि मुली नवव्या मजल्यावरून उड्या टाकीत होत्या, हे ठाऊक झाले म्हणजे त्या वर वळलेल्या मानेचा अर्थ कळतो. दुसऱ्या चित्रात वाकलेला लोखंडी जिना दिसतो. पळणाऱ्यांच्या भाराने तो कोसळला. तिसऱ्यात शवपेट्यांच्या रांगा, आणि त्यांमधून आपले माणूस शोधीत चाललेले नातेवाईक.

परंतु मुख्य गोष्ट छायाचित्राने सांगता येत नाही. नवव्या मजल्यावरचे एक दार कुलूपबंद होते. माल चोरीस जाऊ नये म्हणून कामगारांना एकाच वाटेने, झडती घेऊन, बाहेर सोडीत. हे कळते ते वाचलेल्या मुलींच्या साक्षींवरून. खटला झाला, कुलूप आहे हे मालकांना त्या वेळी माहीत होते, अशी ज्यूरीची खात्री पटली नाही, आणि डिसेंबर १९११ मध्ये मालक सुटले. मात्र त्याच वर्षी राज्याने चौकशी आयोग नेमला व त्यातून कारखान्यांविषयीचे अनेक कायदे झाले. माणसे आत असताना दारे कुलूपबंद ठेवू नयेत, हे कलम आपल्याकडील १९४८ च्या कारखाने कायद्यातही आले.

आणखी एक गोष्ट. सहा मृतांची ओळख पटली नव्हती. त्यांची नावे २०११ मध्ये, जुनी वृत्तपत्रे व कागद ताडून निश्चित झाली. शंभर वर्षांनी हे साधले, कारण कागद जपले गेले होते.

आपल्या संघटनांच्या कचेऱ्यांत काय आढळते? मोर्चाचे, संपाचे, द्वारसभांचे फोटो. पाठीवर नाव नाही, साल नाही. मध्ये हार घातलेला पुढारी सर्वांस ठाऊक; कडेला मूल काखेत घेऊन उभी असलेली कामगार बाई कोण, हे कोणी विचारीत नाही. विद्यापीठाची वाट पाहण्याचे कारण नाही. मऊ पेन्सिल घ्यावी, फोटोच्या पाठीवर हलक्या हाताने नावे, गाव, तारीख लिहावी, आणि ओळखणारी म्हातारी माणसे हयात आहेत तोवर हे काम उरकावे.